निळ्या वाडग्यातला पहिला घास

"अहो, हा माझा वाडगा आहे."

"माहितीये. तुझ्याकडे असे दोन आहेत ना," यजमान म्हणाले आणि निळ्या वाडग्यात पुट्टी कालवत राहिले.

लाँड्रीताईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. दिवसभर लाँड्रीच्या काउंटरवर उभं राहून त्यांनी लोकांच्या डागांच्या कहाण्या ऐकल्या होत्या. डाग आपण पाडला, असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालं नव्हतं. तो नेहमी आपोआप पडलेला असायचा, आणि तो न निघणं ही मात्र नेहमी लाँड्रीताईंची चूक असायची. पोटऱ्या ठणकत होत्या, चष्मा दुकानातच राहिला होता, आणि घरी येऊन बघतात तो ओट्यावर भिंतीची भोकं बुजवायच्या पुट्टीची पिशवी. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून यजमानांना बसून राहणं जमत नव्हतं. आधी त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले, मग ते नळ प्लंबरने दुरुस्त केले, आणि आता पाळी भिंतींची होती.

"लेक येणार आहे," यजमान म्हणाले. "तिच्या खोलीत दाराजवळची खुंटी निघालीय, तिथे केवढं भगदाड पडलंय. तिला काय वाटेल?"

लेकीला काय वाटेल, ही चिंता लाँड्रीताईंनाही होती, पण ती भिंतीची नव्हती. लेक व्हीगन झाली होती. दूध, दही, लोणी, चीज सगळं बंद. मागच्या वेळी ती आली तेव्हा घरात जे जे होतं त्यात कुठे ना कुठे दूध निघालं, आणि तीन दिवस ती पोर कोरडा पाव आणि काकडी खात बसली. निघायच्या आदल्या दिवशी ती फार प्रेमाने म्हणाली, "आई, तू उगाच दमू नकोस. पुढच्या वेळी मी बाहेरच खाऊन येत जाईन." भांडून बोलली असती तर लाँड्रीताईंनी दोन दिवसांत विसरून टाकलं असतं. प्रेमाने बोलली, म्हणून ते मनात रुतून बसलं. आईच्या घरी यायचं आणि बाहेर खाऊन यायचं, मग आईचं घर कशाला, लॉजच की ते.

म्हणून लाँड्रीताई 'दुधावाचून' नावाच्या गटात शिरल्या. फोनवरचा हा गट जगभर विखुरलेला होता. बिनदुधाचं काय काय करता येतं ते घरोघरचे लोक इथे एकमेकांना सांगत. एकसारख्या नावांचा घोळ नको म्हणून गटात कामावरून हाक मारायची पद्धत होती. लाँड्रीताईंचं नाव तिथेच पडलं. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र, त्यामुळे गटात कायम कुणीतरी नुकतंच झोपून उठलेलं आणि ताजंतवानं असे. लाँड्रीताईंना अशा लोकांशी बोलायचं म्हणजे जिवावर येई. लेकही त्या गटात होती, पण ती कधी काही लिहीत नसे.

तर त्या संध्याकाळी लाँड्रीताईंनी पुन्हा एकदा बदामाचं चीज करायला घेतलं. पावावर लावायचं, मऊ, पांढरं, लेकीचं सगळ्यात आवडतं. निदान गटातल्या फोटोंत ते पांढरं असायचं. लाँड्रीताईंचं दर वेळी मातकट आणि खरबरीत होई. आजचंही तसंच झालं. त्यांनी ते दुसऱ्या निळ्या वाडग्यात काढून खिडकीजवळ ठेवलं, फोन धरला, चष्म्यावाचून जे दिसलं त्याचा फोटो काढला, खाली लिहिलं, "बदामाचं चीज. अजून जमत नाही. काय चुकतंय ते सांगा," आणि कोचावर आडव्या झाल्या.

जाग आली तेव्हा फोन थरथरून थरथरून टेबलाच्या कडेला आला होता.

"चुकतंय? ताई, असं चीज मी जन्मात पाहिलं नाही," असं नर्सताईंनी लिहिलं होतं. बोटवाले म्हणून एक गृहस्थ जहाजावर इंजिनिअर होते आणि केबिनमध्ये चोरून स्वयंपाक करत. त्यांनी विचारलं होतं, "एवढं गुळगुळीत कसं केलंत? आणि ते पसरवायचं रुंद पातं कुठे मिळालं?" त्याखाली टाळ्या, त्याखाली आणखी टाळ्या.

लाँड्रीताईंनी शेजारघरून वाचायचा चष्मा आणला आणि फोटो मोठा करून पाहिला. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं तुकतुकीत, वर हलकेच मारलेला हात. बाजूला यजमानांचं पुट्टीचं पातं.

"अहो," त्या थकून म्हणाल्या, "तुमच्या पुट्टीचं कौतुक चाललंय."

"होणारच," यजमान म्हणाले. "गुठळी राहू दिली नाही मी."

लाँड्रीताईंनी लगेच लिहायला घेतलं, 'माफ करा, फोटो चुकला.' एवढं लिहून होतंय तोवर खाली एक नवा निरोप आला. लेकीचा. गटात पहिल्यांदाच.

"आई, हे तू केलंस? मी रविवारी येतेय, तेव्हा हे खायला मिळेल?"

लाँड्रीताईंनी ते दोनदा वाचलं. मग 'माफ करा' पुसलं, 'फोटो' पुसलं, 'चुकला' पुसलं, आणि लिहिलं, "हो बाळा."

त्या एका 'हो'ने पुढचा सगळा आठवडा खाल्ला.

गटाच्या प्रमुख हेडबाई. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीची गोष्ट त्यांनी फारशी मनावर घेतली नव्हती. त्यांनी जाहीर केलं, "लाँड्रीताई रविवारी सर्वांसमोर व्हिडिओवर प्रात्यक्षिक देतील. नियम सर्वांना ठाऊक आहेच." नियम असा होता की करणाऱ्याने पहिला घास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत स्वतः खायचा. पूर्वी एका सभासद बाईंनी वर्षभर बेकरीतले केक स्वतःचे म्हणून दाखवले होते आणि ते दुधाअंड्याचे निघाले होते. बाईंना ते केक सगळ्यांसमोर खाता येईनात, तेव्हा बिंग फुटलं. तेव्हापासून पहिला घास म्हणजे गटात देवासमोर शपथ घेतल्यासारखं होतं.

तोवर सभासद थांबतात कशाला. ज्याने त्याने आपापल्या घरी बदाम भिजत घातले, आणि त्या फोटोसारखं काही केल्या होईना, म्हणून प्रत्येक जण लाँड्रीताईंना विचारू लागला.

"ताई, माझं मातकट होतंय," नर्सताईंनी विचारलं.

लाँड्रीताई त्या वेळी काउंटरवर एका गिऱ्हाइकाची कॉलर बघत होत्या. माझंही होतंय, असं लिहिता येत नव्हतं. समोर कॉलर होती, तेवढ्यावर त्यांनी उत्तर दिलं, "मळ वरच्या थरात असतो. सालं काढा. एकही ठेवू नका."

"मिक्सरमध्ये तेल सुटतंय," बोटवाल्यांनी विचारलं.

मागे मशीन धडधडत होतं. "गरम होऊ देऊ नका. थंड पाणी घाला, आणि मधे मधे थांबा. सतत फिरवलं की कशाचीही वाट लागते."

"फडक्यातून पिळून काढलं तर खरबरीत होतंय," असं तिसऱ्या कुणीतरी लिहिलं.

लाँड्रीताईंच्या हातात लोकरीचा स्वेटर होता. "पिळायचं नाही हो. दाबायचं. मग टांगून ठेवा, आपोआप निथळेल. घाई करू नका."

शेवटचं वाक्य स्वेटरसाठी की चिजासाठी की स्वतःसाठी, हे त्यांना सांगता आलं नसतं. थापा मारता मारता त्या इतक्या दमल्या की खरं बोलायलाही ताकद उरेना. घरी गेल्यावर यजमान विचारत, "खोटं बोलवतं कसं तुला?" त्या म्हणत, "तुम्ही आधी भिंत पुरी करा." भिंत पुरी होत नव्हती, कारण यजमान रोज भोक बुजवायच्या आधी ते नीट साफ करत आणि साफ करताना ते आणखी मोठं होई. हॉलमध्ये कॅलेंडरमागच्या एका खिळ्याचंही त्यांनी असंच कल्याण केलं होतं. उरलेली पुट्टी वाळू नये म्हणून ते वाडग्यावर ओलं फडकं घालून तो सिंकखाली ठेवत.

आणि शुक्रवारी आक्रीत घडलं. नर्सताईंचा फोटो आला. पांढरंशुभ्र, मऊ चीज. पाठोपाठ बोटवाल्यांचा. केबिनच्या गोल खिडकीत ठेवलेली बशी, आणि बशीत ढगाचा तुकडा असावा तसं काहीतरी. "लाँड्रीताईंच्या पद्धतीने," असं दोघांनी खाली लिहिलं होतं.

"अहो, लोकांचं जमतंय," लाँड्रीताई म्हणाल्या.

"मग तूही तसंच कर की."

"कसं?"

"तू त्यांना काय सांगितलंस?"

हा विचार त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. त्यांनी फोनवर स्वतःचेच निरोप उघडून समोर ठेवले आणि एखाद्या अनोळखी, शहाण्या बाईचं ऐकावं तसं त्यांचं मुकाट्याने ऐकलं. सालं काढली, एकही ठेवलं नाही. थंड पाणी घातलं. मधे मधे थांबल्या, आणि थांबायला मिळालं म्हणून जरा बऱ्याही वाटल्या. फडक्यात बांधून नळाला टांगलं. शेवटी लिंबू पिळलं. संध्याकाळी निळ्या वाडग्यात जे उतरलं ते पाहून त्या स्टुलावर बसल्याच. पांढरं, तुकतुकीत, चमचा फिरवला की मागे रेघ राहत होती. चाखून बघायचा मोह त्यांनी आवरला. पहिला घास उद्या, लेकीसमोर. किती दिवसांनी त्यांना काहीतरी आपल्याला जमलंय असं वाटलं, आणि त्या चक्क गाढ झोपल्या.

रविवारी सकाळी त्यांनी चीज जरा सैल व्हावं म्हणून वाडगा फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवला, वर ओलं फडकं घातलं आणि लेकीला आणायला बस थांब्यावर गेल्या. घरी यजमान एकटे होते, आणि लेक यायच्या आत भिंत पुरी करायचीच असा त्यांनी चंग बांधला होता.

परत आल्या तेव्हा भिंत झाली होती. यजमान हात पुसत दारात उभे होते.

"बाबा, हे तुम्ही केलंत?" लेकीने आपल्या खोलीतली भिंत पाहून विचारलं.

"मग काय. हॉलमधलंही भोक बुजवलं. आज पुट्टी काय सुरेख मऊ झाली होती, हात नुसता सरसर फिरला." मग ते लाँड्रीताईंना म्हणाले, "आणि तुझा वाडगा तू सिंकखाली ठेवला होतास, तो मी फ्रीजमध्ये ठेवला. खराब झालं असतं ना."

लाँड्रीताईंच्या डोक्यात त्या वेळी हेडबाई होत्या. सिंकखाली त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. दहा मिनिटांत प्रात्यक्षिक सुरू व्हायचं होतं.

लेकीने फोन धरला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत माणसं बसली होती. कुणाच्या मागे ऊन होतं, कुणाच्या मागे दिवा. नर्सताई गणवेशातच होत्या. बोटवाल्यांचा चौकोन हलत होता. मधोमध हेडबाई.

लाँड्रीताईंनी कृती सांगितली. या वेळी ती खरोखर केलेली असल्यामुळे आवाज कापला नाही. लेक फोनच्या मागून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते लपवायचा प्रयत्न तिने केलेला नव्हता. तेवढ्यासाठी आठवडाभराची दमछाक वसूल झाली, असं लाँड्रीताईंना वाटलं.

"आणि हे तयार चीज," असं म्हणून त्यांनी फ्रीजमधून वाडगा काढला आणि फडकं दूर केलं. पडद्यातून एकसाथ "वा" आलं. "अगदी फोटोसारखंच," नर्सताई म्हणाल्या.

अगदी फोटोसारखंच होतं. लाँड्रीताईंनी चमचा घातला आणि तो खर्र असा वाजला. चीज खर्र वाजत नाही. त्यांनी चमचा उचलला, तो जड लागला. त्यांनी हळूच वास घेतला. नव्या घराचा वास आला.

"घास घ्या, ताई," हेडबाई म्हणाल्या.

चमचा हातात तसाच राहिला. लेक वाट बघत होती. क्षणभर, खरंच क्षणभर, लाँड्रीताईंनी हिशोब केला की एक चमचा पुट्टीने माणसाला काय होत असेल. मग त्यांना एकदम सगळ्याचाच कंटाळा आला.

"ही पुट्टी आहे," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. "विनय पुरे झाला," हेडबाई म्हणाल्या. "घास घ्या."

"विनय नाही हो. भिंतीला लावायची पुट्टी आहे. आणि त्या पहिल्या फोटोतही पुट्टीच होती. माझा चष्मा दुकानात राहिला होता. मी सांगणार होते, पण..." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही पोर घरी येऊन कोरडा पाव खाते. तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मला नाही म्हणवलं नाही."

हसू थांबलं. बोटवाल्यांचा चौकोन तेवढा हलत राहिला. लेकीचा हात थोडा खाली आला, आणि सगळ्या सभासदांना काही वेळ लाँड्रीताईंचं पोट दिसत राहिलं.

"एक मिनिट," हेडबाई म्हणाल्या. "मग तुम्ही सांगितलं तसं करून आम्हा सगळ्यांच्या घरी जे झालंय, ते काय आहे?"

"ते चीज आहे. माझंही झालं होतं काल. अगदी तुमच्यासारखं. देवाशप्पथ."

"मग तुमचं कुठे आहे?"

दारातून यजमान पुढे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अगं," ते म्हणाले, "तुझ्या त्या चिजात लिंबू असतं का?"

"असतं."

"तरीच. वास आला होता मला. मी म्हटलं, हल्ली साबणापासून सगळ्यालाच लिंबाचा वास घालतात, पुट्टीलाही घालत असतील."

लाँड्रीताई स्टुलावर बसल्या. रडायला हरकत नव्हती, पण त्यालाही ताकद लागते. लेक वळली आणि फोन हातात तसाच धरून आपल्या खोलीत गेली, म्हणजे गटही तिच्याबरोबर खोलीत गेला. लाँड्रीताई मागोमाग आल्या, त्यांच्या मागे यजमान.

दाराजवळची भिंत खरोखर सुरेख झाली होती. भगदाड होतं तिथे पांढरा, गुळगुळीत गोल होता. लेक त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिने फोन आईच्या हातात दिला, बोट घातलं, चांगलं पेरभर चीज काढलं आणि तोंडात टाकलं.

"अगं बाई, भिंतीतलं," लाँड्रीताई म्हणाल्या.

"मधलं घेतलंय." लेकीने डोळे मिटून चघळल्यासारखं केलं. सगळे चौकोन पडद्याला नाक लावून बघत होते. "मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा बोट घातलं. या वेळी मोठं घेतलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ती हसायला लागली आणि भिंतीलाच टेकून हसत राहिली. ती अशी हसल्याचं लाँड्रीताईंना बऱ्याच वर्षांत आठवत नव्हतं.

"हेडबाई, नियमाचं काय?" नर्सताईंनी दबक्या आवाजात विचारलं. "पहिला घास करणाऱ्याने घ्यायचा असतो."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. "नियमात भिंतीचा उल्लेख नाही," त्या म्हणाल्या. "तरीपण ताई, तुम्हीही घ्या. नोंद राहील."

लाँड्रीताईंनी आपल्या हाताने भिंतीतून पहिला घास घेतला. मीठ खरंच कमी होतं, बाकी सगळं जमलं होतं. त्यांनी फोन बंद केला. टाळ्या अर्ध्यावर तुटल्या.

भगदाड पुन्हा होतं तसं झालं होतं. यजमान त्यात वाकून बघत होते. "म्हणजे आता परत साफ करावं लागणार," असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा उजळला.

लेकीने स्वयंपाकघरातून पाव आणला, आईला बळेबळे खुर्चीत बसवलं आणि बोट चाटत विचारलं, "आई, संपलं का गं सगळं?"

लाँड्रीताईंनी पाय लांब केले. "एवढ्यात कुठे संपतंय," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये आहे अजून. कॅलेंडरच्या मागे बघ. आणि जाताना मीठ घेऊन जा."